रद्द न केलेला कॉल

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र पोचलं. तुझा खोकला गेला, दुकान नीट चाललंय, हे वाचून बरं वाटलं. मीही बरी आहे. वाचनालय साडेदहा ते साडेपाच, घरी आले की शेजारच्या काकू डोकावून जातात, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. एवढीच बातमी.

बाबांना जाऊन पाच महिने झाले आणि पाच महिन्यांनी तुझं पहिलं पत्र आलं. पाकीट हातात घेऊन मी दारातच बसले. म्हटलं, आता दादा रडणार, नाहीतर भांडणार, निदान घराचं काय करायचं ते तरी विचारणार. उघडून बघते तर काय, ‘चिंगे, वाचनालयात तू लिनक्सवर तो हलका प्रॉक्सी बसवला होतास ना, तो कसा बसवतात ते सविस्तर कळव.’ मी इतकी हसले की काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. शोभतोस खरा बाबांचा मुलगा. त्यांनाही मनातलं काही बोलायचं असलं की ते फ्यूजच्या तारेबद्दल बोलायला लागायचे.

फोन न करता लिहिलंस ते मात्र आपल्या घराला धरून झालं. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेल्या माणसाच्या घरात फोनवर कामापलीकडे कुणी बोलत नसे. ‘मध्ये कुणीतरी बसलेलं असतं,’ बाबा म्हणायचे, ‘आणि बरेचदा तो मीच असतो.’

तर प्रॉक्सी. हाही मध्ये बसणाराच. दुकानातली तुझी मशीन्स थेट बाहेर जाणार नाहीत. ती याला सांगतील, अमुक पान हवंय. हा त्यांच्या वतीने जाईल, पान आणेल आणि त्यांच्या हातात देईल. पलीकडच्याला वाटणार, हाच आला होता. बाबांना मी हे सांगायला लागले तेव्हा दोन वाक्यांत त्यांनी हात वर केला. ‘कळलं. बोर्ड आहे हा. ग्राहक नंबर मागतो, आपण जोडून देतो. यात नवीन काय?’ वाचनालयाच्या दाढीवाल्या तंत्रज्ञाने मला हेच समजावायला दोन दुपारी घेतल्या होत्या.

कुणी विचारत नाही असं एखादं जुनं मशीन घे. टायनीप्रॉक्सी नावाचा प्रोग्राम एका आज्ञेत बसतो आणि इतका हलका आहे की मशीनला पत्ताही लागत नाही. आज्ञा वेगळ्या कागदावर जशाच्या तशा लिहून जोडल्या आहेत, स्पेस कुठे सोडायची तेही दाखवलंय. मग त्याची सेटिंगची फाइल उघड. लांबलचक आहे, पण घाबरू नकोस, निम्म्याहून जास्त ओळी झोपलेल्या असतात. ओळीच्या सुरुवातीला # हे जाळीचं चिन्ह असलं की प्रोग्राम ती वाचत नाही. चिन्ह काढलं की ओळ जागी होते, लावलं की पुन्हा झोपते. तुला बदलायच्या गोष्टी दोनच. एक पोर्ट, म्हणजे कुठल्या खिडकीशी उभं राहून मागायचं ते. ८८८८ असतो, तोच राहू दे. दुसरी परवानगीची ओळ: कुठल्या मशीन्सना मागता येईल ते. ती लिहायला विसरलास तर दुकानातल्या एकालाही काही मिळायचं नाही. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं आणि अर्धा दिवस तारा उपसत बसले.

प्रत्येक मशीनला कायमचा नंबर दे, म्हणजे कुणी काय मागितलं ते कळतं. आपल्या घरीही मी असाच एक सर्व्हर बसवला होता, त्यावर माझा अकरा आणि बाबांचा बारा. बारा त्यांनी मागून घेतला होता. एक्स्चेंजमध्ये त्यांची खुर्ची बारा नंबरची होती.

नको ती ठिकाणं अडवायचीही सोय आहे. एका फाइलीत नावं लिहायची, एका ओळीत एक. बाबा जाहिरातींवर बोट ठेवत सुटायचे म्हणून मी ती वापरत असे. तुला ती लागणार नाही, सोडून दे.

लॉग मात्र बघत जा. कुणी, किती वाजता, काय मागितलं, याची सेकंदासकट नोंद होते. तुला आज्ञा अचूक द्याव्यात म्हणून रविवारी मी इतक्या महिन्यांनी घरच्या सर्व्हरसमोर बसले. तो बंद करायचा राहूनच गेला होता. बाबांच्या खोलीत कपाटाखाली घूं घूं करत होता बिचारा. लॉग उघडून बघितला. चालू आहे एवढं कळलं. बाकी विशेष नाही.

कपाट अजून आवरलेलं नाही. वरच्या फळीवर त्यांची छोटी तपकिरी बॅग आहे, भरलेली. दोन शर्ट, वाचायचं भिंग, आणि निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजने दिलेला तो डोक्याला लावायचा हेडसेट. मी हात लावलेला नाही.

दादा, बाबा गेले त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू एकच विचारलंस, ‘त्यांनी माझं पान एकदा तरी बघितलं का गं?’ मी म्हणाले, नाही. तू म्हणालास, ‘मग मी येऊन काय करू?’ आणि तू आला नाहीस. त्याबद्दल मला काही लिहायचं आहे, पण आज नको. आज प्रॉक्सीपुरतंच.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
चिंगी

ता. क. – एक विचारायचं राहिलं. तू तिकडून आपल्या घरच्या सर्व्हरमध्ये डोकावत नाहीस ना? रविवारी, सव्वाअकराच्या सुमारास? असशील तर नुसतं हो म्हण. मी रागावणार नाही, उलट मला बरं वाटेल.


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

प्रॉक्सी दुसऱ्या फटक्यात चालला म्हणतोस, शाबास. परवानगीच्या ओळीत शेवटचा आकडा चुकवलास ते अपेक्षितच होतं. लहानपणी पाढ्यातही तू शेवटच्याच आकड्याला घसरायचास.

तू डोकावत नाहीस, तुला डोकावता येतही नाही, आणि ‘सव्वाअकराचं काय?’ असं तू विचारलंस. बरं. सांगते. घाबरून ओरडू नकोस, इथे घाबरायला मी एकटी पुरेशी आहे.

त्या रविवारी लॉगच्या शेवटच्या तीन नोंदी त्याच दिवसाच्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटं. अकरा चौदा. अकरा अठरा. मागणारा, बारा नंबर.

बाबांचं मशीन मी सप्टेंबरातच बंद केलंय. प्लग काढून तार गुंडाळून ठेवली, वर चादर घातली. उठून बघितलं, सगळं तसंच होतं. चादरीवर धूळ होती आणि धुळीवर माझ्याशिवाय कुणाचं बोट नव्हतं.

मग मी लॉग मागे नेत गेले. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशी तेच. आठवडाभर, महिनाभर, पाच महिने. बाबा शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होते, डोळेही उघडत नव्हते, घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या आठही दिवसांत अकरा दहा, अकरा चौदा, अकरा अठरा. ते गेले त्या दिवशीही.

तीन वेळा, चार-चार मिनिटांनी. तुला आठवतं ना ते? कॉल बुक झाला की ऑपरेटरने तीनदा प्रयत्न करायचा, मध्ये चार मिनिटं सोडायची, नाही लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, समोरचा उचलतच नसेल तर किती दिवस करायचा? ‘ग्राहक रद्द करत नाही तोवर,’ ते म्हणाले होते. ‘बुक केलेला कॉल जिवंत असतो, चिंगे. तो आपण मारायचा नसतो.’ आणि अकरा दहाच का, तर सकाळची गर्दी ओसरून लाईन मोकळी होते ती तेव्हा.

मी दाढीवाल्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, ताई, दुसऱ्या कुठल्यातरी मशीनने बारा नंबर पटकावलाय, शेजाऱ्यांचा फोन असेल. मी सेटिंगच्या फाइलीतून बाराची परवानगीची ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ‘परवानगी नाही’ असं तीनदा. म्हणजे मागणी आलीच, फक्त दारातून परतली. मला ते बघवेना. संध्याकाळी ओळ परत घातली.

गेल्या रविवारी दाढीवाला स्वतः आला. साडेदहापासून खोलीत बसून त्याने एकेक तार काढली. माझं मशीन बंद. वायफाय बंद. शेवटी सर्व्हरला येणारी तारही काढली. विजेची तेवढी ठेवली. आता या पेटीशी जगातलं कुणीच बोलू शकत नाही, म्हणाला. मी चहा ठेवून आले. भर सकाळ होती, दादा, खिडकीतून ऊन थेट बाबांच्या खुर्चीपर्यंत आलेलं, बाहेर काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. घरातल्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या जोडणीच्या डबीवर आता आठ रिकामी भोकं उरली होती. अकरा दहाला त्यातल्या एका भोकावरचा हिरवा दिवा लागला, क्षणभर लुकलुकला आणि गेला. बाबांची तार जिथे असायची त्याच भोकावरचा.

अकरा चौदाला पुन्हा. अकरा अठराला पुन्हा.

दाढीवाल्याने कप अर्धा ठेवला. ‘ताई, हे बंद करून टाका,’ म्हणाला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला. परवापासून वाचनालयात तो माझ्या टेबलाला वळसा घालून जातो.

मी बंद केलेलं नाही. का ते सांगते, आणि हे लिहायला मला दोन दिवस लागलेत.

बारा नंबर काय मागतो ते लॉगमध्ये स्पष्ट असतं. तो तुझं पान मागतो. दुसरं काही नाही. जुने टेलिफोन दुरुस्त करून तू ज्यावर फोटो टाकतोस ते. आणि प्रॉक्सी दरवेळी नाही म्हणतो, कारण अडवायच्या नावांच्या फाइलीत तुझं नाव आहे.

त्या दिवशी फोनवर मी खोटं बोलले. बाबा तुझं पान बघत होते. तू भांडून गेलास, त्यांना म्हणालास की तुमचा बोर्ड मेलाय आणि तुम्ही प्रेताला कान लावून बसलाय, त्यांनी तुला सांगितलं की या घरात पुन्हा फोन करू नकोस. त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलं नाही हे खरं. पण मी दहाला बाहेर पडले की ते मशीन लावत आणि अकरा दहाला तुझं पान उघडत. माझ्यासमोर कधीच नाही. मला लॉगवरून कळलं.

ते बघून त्यांचा रक्तदाब चढायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही दाखवू नका. म्हणून शेवटची दोन वर्षं मी ते अडवलं होतं. त्यांच्या भल्यासाठी.

एवढंच होतं. आता तुला जे म्हणायचं ते म्हण.

तुझी,
चिंगी


५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. अख्ख्या कागदावर दोन शब्द, ‘कुठल्या डॉक्टरांनी?’

कुठल्याही नाही. असं कुणी सांगितलं नव्हतं. उलट डॉक्टर म्हणाले होते, हल्ली बाबा खुशीत दिसतात, रक्तदाब सुधारलाय, काय करतात विचारा त्यांना. मला माहीत होतं ते काय करतात.

आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा काहीतरी डॉक्टर उभा करीन.

तू गेलास तेव्हा मी राहिले. मोठ्या वाचनालयात जागा मिळत होती, ती नको म्हणाले. वाचनालयातल्या एका कारकुनाच्या घरून लग्नाची विचारणा आली होती, त्यांनाही नाही म्हणाले. बाबांना कोण बघणार, म्हणून. त्याचं मी तुला कधी बोलले नाही आणि आज हिशोब मांडायला बसलेलेही नाही. पण रोज संध्याकाळी लॉगमध्ये तुझं पान दिसायचं. आधी एकदा, मग दोनदोनदा. एका दिवशी पाऊण तास. माझ्याशी ते भाजी आणि फ्यूज एवढंच बोलायचे आणि ज्याने त्यांना प्रेताला कान लावणारा म्हटलं त्याच्यापाशी पाऊण तास बसायचे. मी त्यांची लाईन ऐकत होते, दादा. बाबांनी बत्तीस वर्षांत कधी केलं नाही ते मी रोज करत होते.

बाबा जायच्या दोन वर्षं आधी एका गुरुवारी त्यांनी तपकिरी बॅग काढली. मी विचारलं, कुठे? ‘कुठे नाही. एकदा जाऊन बघून यावं म्हणतो.’ कुणाला, ते बोलले नाहीत. शर्ट घड्या घालून भरले. हेडसेट पुसून भरला. मला आपला उगाच तपशील आठवतो, पुसताना ते शीळ घालत होते. आई गेल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

शुक्रवारी वाचनालयात पोचल्या पोचल्या मी तुझं पान उघडलं. तू आदल्या संध्याकाळी नवा फोटो टाकला होतास. जुना अख्खा स्विचबोर्ड, पितळी खिट्ट्यांसकट. खाली लिहिलं होतंस, ‘सहा यंत्रं जोडली, सहाही वाजतात. आता बोर्डावर बसणारा माणूस पाहिजे. अनुभव बत्तीस वर्षांचा असला तर उत्तम.’

तू त्यांना बोलावत होतास. अकरा दहाला ते वाचणार होते आणि बॅग भरलेली होती.

मी तासाभराची रजा टाकून घरी आले. बाबा आंघोळीला गेले होते. अडवायच्या फाइलीत एक ओळ लिहिली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. अडवलेलं पान मागितलं की काय दाखवायचं तो मजकूरही आपल्याला लिहिता येतो. आधी तिथे ‘हे पान मिळू शकत नाही’ एवढं होतं. ते पुसून मी लिहिलं, ‘हे पान मालकाने तुमच्यासाठी बंद केले आहे.’

तुमच्यासाठी. हा शब्द मी विचार करून घातला. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘चिंगे, एखादं पान मालकाने बंद केलंय असं येतं, तर मालक म्हणजे कोण?’ मी ताटातून वर बघितलं नाही. म्हटलं, ज्याचं पान तो. ते ‘हं’ म्हणाले. पाणी प्यायले. बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, पण रिकामी केली नाही. आणि दुसऱ्या दिवशी अकरा दहाला पुन्हा मागणी आली. अकरा चौदाला. अकरा अठराला. याआधी ते कधी तीनदा मागत नव्हते, तशी गरजच पडत नव्हती. माझं ते वाक्य रोज तीन वेळा वाचत होते ते, सातशे दिवसांहून जास्त. आणि कॉल काही त्यांनी रद्द केला नाही.

मनात आणलं असतं तर कुठल्याही संध्याकाळी एक जाळीचं चिन्ह लावून मला ती ओळ झोपवता आली असती. मी रोज मनाशी म्हणायचे, उद्या. मग ते अंथरुणाला खिळले आणि मला वाटलं, आता उघडलं तर ते विचारतील की इतके दिवस कुणी बंद केलं होतं. त्यांनी शेवटचं काय विचारलं माहितेय? ‘तिकडून काही आलं?’ मी म्हणाले, नाही बाबा. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘लाईन खराब असेल.’

त्यांनी तुला दोष दिला नाही, दादा. लाईनला दिला.

तुझे दोन शब्द आले त्या संध्याकाळी मी सर्व्हरची आणि बाहेरच्या लाईनची तार पुन्हा जोडली, फाइल उघडली आणि तुझ्या नावाआधी चिन्ह लावलं. तेवढ्याने समाधान होईना, मग ओळच पुसली. माझं ते वाक्य पुसलं. दुसऱ्या दिवशी, एक मार्चला, रजा घेतली आणि सव्वादहापासून त्यांच्या खोलीत जमिनीवर बसले. खुर्चीत बसायची हिंमत झाली नाही.

अकरा दहाला हिरवा दिवा लागला. या वेळी विझला नाही.

लॉगमध्ये ओळ आली. बारा नंबर, तुझं पान. खाली ‘नकार’ नव्हतं. जोडणी झाली होती. मी अकरा चौदाची वाट बघत बसले. अकरा चौदाला काही आलं नाही. अकरा अठरालाही नाही. लागलेला कॉल पुन्हा कशाला लावतील ते? दिवा तसाच स्थिर. खोलीत काही हललं नाही, काही वाजलं नाही, फक्त मला सारखं वाटत होतं की आपण बोलायचं नाही, कुणीतरी वाचतंय. बाबा भिंग घेऊन सावकाश वाचायचे, ओठ हलवत.

अकरा एकतीसला दुसरी ओळ आली. त्यांनी तुझ्या जुन्या फोटोंतून एकच पान मागितलं. स्विचबोर्डचं.

अकरा चाळीसला दिवा गेला.

आज पाच तारीख. त्यानंतर बारा नंबरकडून एकही मागणी नाही. मी रोज अकरा दहाला थांबते. सर्व्हर नुसता घूं घूं करतो. खोली रिकामी वाटते, बाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती इतकी.

तुझा माझ्यावर विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये. म्हणून मला विचारू नकोस, तुझ्या पानाकडे विचार. कोण कधी येऊन गेलं याची नोंद तुझ्याकडेही असते. एक मार्च काढ. अकरा दहा आणि अकरा एकतीस. आपल्या घरचा पत्ता तुला तिथे दिसेल. तू जे विचारलं होतंस, त्यांनी एकदा तरी बघितलं का, त्याचं उत्तर माझ्या तोंडून एकदा खोटं मिळालंय, आता ते तुझ्याच वहीतून घे.

मला माफ कर असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं, वर दिसतच असेल. माफी मागायची ती ज्यांची त्यांच्याकडे मागायला हवी होती, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मी ताटात बघत होते.

आता शेवटचं. त्यांची बॅग तुझ्याकडे पाठवावी म्हणून काल खाली काढली. सप्टेंबरपासून तिला कुणी हात लावलेला नाही, घराची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नाही. दोन शर्ट आहेत, घड्या न मोडलेले. भिंग आहे. हेडसेट नाही. सगळं कपाट उपसलं, खाट हलवली, काकूंनीही शोधला. नाही.

दादा, तो स्विचबोर्ड अजून ठेवला असशील तर सकाळी दुकानात कितीही गिऱ्हाईक असो, अकरा दहाला त्याच्याजवळ थांबत जा. त्या सहातलं एखादं यंत्र वाजलं तर ते तीनदा करतील, चार-चार मिनिटांनी. सवयच आहे त्यांची. तू तेवढं करायला लावू नकोस. पहिल्याच घंटीला उचल.

मधून उठलेली,
चिंगी